काय आणि काए

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला विचारलं, "आजी, बुलिंगला मराठीत काय म्हणतात?" तिला शाळेत पोस्टर करायचं होतं आणि त्यावर घरात बोलली जाणारी भाषा हवी होती. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं आहे. शब्दाला शब्द काढून देणं हे माझं रोजचं काम होतं. मी लगेच म्हटलं, "छळ." मग वाटलं, छळ फार मोठा झाला, वर्गातल्या खोड्यांना तो अंगापेक्षा मोठा अंगरखा. "चेष्टा" म्हटलं, तर तो फारच लहान झाला. "दादागिरी"त सगळं बसेना. थोरली पेन उघडून वाट पाहत होती. शेवटी मी म्हटलं, "उद्या सांगते."

तेवढ्यात धाकट्याच्या हातात फोन गेला, त्याने तो फिरवला आणि मला तुमच्या खोलीचं छत दिसायला लागलं. पांढरं छत, मधे एक गोल दिवा. ते बराच वेळ तसंच दिसत राहिलं.

उद्याचे चार दिवस झाले. शब्द अजून सापडलेला नाही. पण तो शोधताना मला वरच्या मजल्यावरची मुलगी आठवली, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या बाबांना सावकाश वाचून दाखवायला सांगा. जिथे हिंदी येईल तिथे त्याला हिंदीतच वाचू दे, ते त्याला छान जमतं.

दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, आपल्या वरच्या मजल्यावर भुसावळहून एक कुटुंब राहायला आलं. वडील रेल्वेत, बदलीवर आलेले. क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून ते ओरछा गेटच्या आत, आपल्या गल्लीत आले. आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा धाकटा. मला फार आनंद झाला. घरात रोज मराठी कानावर पडणार होतं. आपण झाशीत इतक्या पिढ्या राहिलो की आपलं मराठी थोडं जुनं आणि थोडं हिंदी होऊन गेलं आहे. मी अजून भिंतीतल्या कपाटाला फडताळ म्हणते आणि त्याच दमात दूधवाल्याला "भैया जी" म्हणते. ती मुलगी पहिल्याच दिवशी हसली. "आजी, फडताळ काय?"

"काय" हा तिचा लाडका शब्द होता. हाक मारली की "काय?" लाडू देऊ का, "काय?" नीट ऐकू आलेलं असायचं, तरी आधी "काय?" म्हणायचं आणि मग उत्तर द्यायचं. मी तिला म्हणायची, "तुझ्या नावाच्या पाटीवर काय असं लिहून टाकू." ती म्हणायची, "काय?"

ती शाळेत व्हॅनने जायची. आपली गल्ली अरुंद, म्हणून व्हॅन गल्लीच्या तोंडाशी, गेटवर थांबते. माझ्या खिडकीतून ते तोंड दिसतं. सकाळी सव्वासात वाजता मायलेकी खाली उतरायच्या. सप्टेंबरात एक दिवस माझ्या लक्षात आलं की जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ती "आई, आई" करत असते आणि गल्लीच्या तोंडाशी गेली की "मम्मी" म्हणते. दुपारी येताना उलटं. व्हॅन निघून गेली की पुन्हा आई.

तिच्या आईला मी हे सांगितलं. ती हसली. "काकू, झाशीचं पाणी लागलं तिला!"

मला ते पाणी वाटेना. पाणी लागलं असतं तर जिन्यातसुद्धा लागलं असतं.

मी मुलीला विचारलं, "गेटवर मम्मी का गं?"

"काय?"

"मम्मी का म्हणतेस?"

"असंच."

ऑक्टोबर लागला आणि सकाळचं पोट दुखायला लागलं. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग एक दिवसाआड. ताप नाही, काही नाही. साडेसात वाजले, व्हॅन निघून गेली, की पोहे मागायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मग एका दुपारी तिची आई एक कागद घेऊन खाली आली. तो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा, टी.सी.चा, अर्ज होता.

"काकू, इंग्रजीत आहे. भरून द्याल? दिवाळीला भुसावळला जाऊ, तेव्हा तिला सासूबाईंकडेच ठेवून येऊ म्हणतात हे."

"आणि तू?"

"मी कशी राहणार? यांची ड्युटी रात्रीबेरात्रीची. धाकटा एवढासा."

"तिला जायचंय?"

"तीच म्हणते, झाशी नको." तिने कागदाची घडी घातली, परत उघडली. "पण तिची बॅग बघितली मी. आत्तापासून भरून ठेवलीय. त्यात माझी जुनी ओढणी घातलीय खाली, कुणाला दिसू नये अशी."

मी चष्मा लावला आणि अर्ज भरायला घेतला. मुलीचं नाव, वर्ग, जन्मतारीख. पाचवा रकाना होता, शाळा सोडण्याचं कारण.

"कारण काय लिहू?"

"काहीही लिहा. पर्सनल लिहा."

मला तसं लिहवेना. यात माझा काही मोठेपणा नाही. रकाना असला की त्यात खरं काय ते भरायचं, एवढीच ती सवय. एक नऊ वर्षांची मुलगी आईपासून सहाशे-सातशे किलोमीटर लांब जाऊन राहणार होती आणि का, ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. दिवाळीला बारा दिवस होते. मी म्हटलं, "दोन-तीन दिवस हा माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चिवड्याचे पोहे निवडायला मी मुलीला खाली बोलावलं. ताट मधे घेऊन आम्ही दोघी बसलो. "तुला कोण त्रास देतं" असं मी विचारलं नाही. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळलं होतं की या प्रश्नाला मुलं "कुणी नाही" हेच उत्तर देतात. मी एका जुन्या पाकिटाच्या मागे चौकोन काढला आणि म्हटलं, "ही तुझी व्हॅन. मला आतून कधी बघायला मिळाली नाही. कोण कुठे बसतं?"

तिला हे आवडलं. तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली. पुढे ड्रायव्हर भैया. त्यांच्या शेजारी पाचवीतला एक मुलगा. मधल्या सीटवर दाराशी दीदी, सहावीतली, ती सगळ्यात मोठी. दीदीच्या शेजारी तिच्या दोन मैत्रिणी. मागे के.जी.तले दोघं जुळे. सगळ्यांना तिने गोल काढले आणि गोलांना वेण्या नि टाय काढले.

"आणि तू?"

तिने सगळ्यात मागे एक लहानसा गोल काढला. त्याला वेणी नव्हती. "इथे. बॅगांवर."

"बॅगांवर का? मधे चौथी जागा दिसते की."

"तिथे दीदी पाय ठेवते."

मी पोहे निवडत राहिले. ती पण निवडत राहिली. मग आपणहून म्हणाली, "मी गेटवर आई म्हटलं ना, की सगळे म्हणतात, आई? कौन आई?"

तुम्हाला हे समजायला हवं म्हणून सांगते: हिंदीत आई म्हणजे आली. कोण आली?

"मग दीदी म्हणते, भुसावल एक्सप्रेस आई! मग बाकीचे म्हणतात, कब आई? मग दीदी म्हणते, गई! आणि 'गई' म्हटलं की माझी बॅग फेकतात. मधून मागे. परत मागून पुढे. डबा सांडतो."

"रोज?"

"रोज. म्हणून मी मम्मी म्हणते. तरी फेकतातच."

"टीचरना सांगितलंस?"

"सांगितलं ना. त्या म्हणाल्या, चांगलं आहे."

असं कोणती शिक्षिका म्हणेल? मी म्हटलं, "तू त्यांना नक्की काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग बरं." ती उभी राहिली, वर्गात राहतात तशी, हात मागे बांधून. "मॅम, वैन में सब मेरी चेष्टा करते हैं."

"मग?"

"त्या वह्या तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, बहुत अच्छा, सबको चेष्टा करनी चाहिए. तुम भी करो."

माझा हात ताटात तसाच राहिला. बाळांनो, मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. वह्यांच्या ढिगात डोकं घातलेल्या त्या बाईंनी अर्धं वाक्य ऐकलं. सगळे प्रयत्न करतात असं त्यांना वाटलं आणि त्यांनी शाबासकी दिली. मुलीला वाटलं, या शाळेत टिंगल करायचा नियमच आहे.

पण माझा हात थांबला तो तेवढ्यासाठी नाही. ती खाली बसत म्हणाली, "तुम्ही पण तेच म्हणाला होता ना, आजी."

मला आठवलं. ऑगस्टमध्ये कधीतरी, मी लिंबाच्या लोणच्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावत होते. ती दारात उभी राहून म्हणाली होती, "आजी, व्हॅनमध्ये माझी चेष्टा करतात." आणि मी चिठ्ठीवर तारीख घालत म्हटलं होतं, "चेष्टाच ना? चेष्टा कुणी मनावर घेतं का! तू पण कर." ती "बरं" म्हणून वर गेली होती.

टीचरच्या कानावर तरी दुसऱ्या भाषेतला शब्द पडला होता. माझी आणि तिची भाषा एकच होती.

सोमवारी दुपारी, ती घरी आल्यावर, मी गल्लीच्या तोंडाशी गेले. मुलांना सोडून व्हॅन रिकामी परतली तेव्हा ड्रायव्हरशी बोलले. चांगला माणूस आहे, तोंडात सुपारी, मुलांना हात धरून चढवतो.

"भैया, पीछे क्या चलता है रोज?"

"अरे अम्मा जी, बच्चे हैं. मजाक करते हैं."

"आप रोकते नहीं?"

"शोर बहुत करते हैं, तो मैं गाना तेज कर देता हूँ."

"कौन हँसता है?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. त्याने आरशात बघितलं, जणू मुलं आत्ता तिथे बसलेलीच आहेत. "हँसते तो सब हैं. जोर से दो ही हँसती हैं, बड़ी वाली के बगल की. बाकी तो बस दाँत दिखाते हैं."

घरी येईपर्यंत ते दात माझ्याबरोबर आले. थोरलीने गेल्या रविवारच्या कॉलवर आणखी एक प्रश्न विचारला होता, "आजी, तुला कधी कुणी बुली केलं?" मी ताबडतोब नाही म्हटलं. ते खरं आहे. मला कुणी केलं नाही. मी शाळेत शिकत होते तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात सगळ्यांच्या पुढे. ती स्कूलला "इस्कूल" म्हणायची आणि स्टेशनला "इस्टेशन". आमच्या इंग्रजी शाळेत हे चालण्यासारखं नव्हतं. ती धडा वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "इस्स..." तो आवाज मी कधी काढला नाही. मी दात दाखवायची. पुढच्या वर्षी तिची जागा रिकामी होती. वडिलांची बदली झाली असेल, लग्न ठरलं असेल, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही, एवढंच माहीत आहे. आणि त्यानंतर मी इंग्रजीची शिक्षिका झाले.

आता मला त्या दीदीबद्दल कुतूहल वाटायला लागलं. राग नव्हता असं नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला तीन महिने रोज सकाळी उठून तोच खेळ खेळावासा वाटतो, त्याला काहीतरी इंधन लागत असेल. चौकशी केली तर ती आपल्या ओळखीचीच निघाली. गेटजवळच्या किराणा दुकानदाराची भाची, मामाकडे शिकायला राहिलेली. तिचं गाव टहरौलीकडे, आईवडील तिथे शेती करतात. संध्याकाळी मी साखर आणायला गेले तेव्हा मामा गोदामात होते आणि ती पैशाच्या गल्ल्यामागे बसून नकाशात रंग भरत होती.

"बेटा, हमारे ऊपर जो बच्ची रहती है..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "हमने कुछ नहीं किया."

"मैंने कब कहा? मैं तो पूछने आई हूँ. पहले दिन क्या हुआ था?"

तिने रंगाची कांडी खाली ठेवली. बहुतेक हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "पहले दिन हमने उससे नाम पूछा. अच्छे से पूछा. वो बोली, काए."

"फिर?"

"हमने फिर पूछा. वो फिर बोली, काए. सब हँसने लगे."

"इसमें हँसने की क्या बात?"

ती नकाशाकडे बघत होती. कान लाल झाले होते. "पिछले साल सब हमें काए-काए कहते थे. हम नए आए थे ना गाँव से. पूरी पाँचवीं भर कहा. अब हम नहीं बोलते." आणि मग एकदम, "ऊने आते ही हमाई नकल उतारी!"

इथली बुंदेली तुम्ही कधी ऐकलेली नाही. बुंदेलीत काए म्हणजे का, कशाला. आणि हाक मारतानाही काए म्हणतात, आपण "अगं" म्हणतो तसं. टहरौलीहून आलेली मुलगी वाक्यागणिक काए म्हणणार, आणि शहरातली पोरं त्यावर तिला वर्षभर पिडणार. त्या मुलीने मोठ्या कष्टाने जिभेवरून तो शब्द पुसला, व्हॅनमध्ये दाराजवळची जागा मिळवली, आणि जुलैत शाळेच्या पहिल्या सकाळी भुसावळची एक नवी मुलगी चढली आणि सगळ्यांच्या देखत तिला म्हणाली, "काय?" आणि पुन्हा, "काय?"

मला उभ्या जागी सगळं चित्र दिसलं. मी म्हटलं, "बेटा, मराठी में काय का मतलब है, क्या. उसने सुना नहीं, तो पूछ रही थी, क्या."

"झूठ."

"मैं भी मराठी हूँ. दिन में पचास बार बोलती हूँ. ऊपर आकर सुन लो."

तिने माझ्याकडे टक लावून बघितलं. "तो उसने बताई काए नईं?" म्हणाली आणि आपल्याच तोंडातून आलेला शब्द ऐकून ओठ घट्ट मिटले. मला हसू येत होतं. ते मी गिळलं. त्या क्षणी दात दाखवले असते तर सगळं तिथेच संपलं असतं.

"पहला दिन तो गलती थी," मी म्हटलं. "उसके बाद के दिन?"

ती वहीचा कोपरा बोटाने गुंडाळत राहिली. मग विचारलं, "मामा से कहोगी?"

"कहूँ?"

"कह दो. घर भेज देंगे." तिला त्याची भीती वाटत होती की तेच हवं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

मामांना मी काही सांगितलं नाही. निघताना एवढंच म्हटलं, "कल पैर कहाँ रखोगी?" तिने वर बघितलं. तिला कळलं होतं.

घरी आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला गंमत वाटेल. ती रागावली. "पण तिने मला विचारायचं ना! मी सांगितलं असतं!"

"खरं आहे."

"मी नाही तिला माफ करणार."

"मी कुठे कर म्हटलं?"

थोड्या वेळाने ती परत आली. "काए म्हणजे खरंच का?"

"खरंच."

"काए," ती स्वतःशी म्हणून बघत होती. "काय. काए." मग म्हणाली, "आजी, तिची आई टहरौलीला आहे?"

"हो."

"आणि ती इथे?"

"हो. शिकायला."

यावर तिने "काय" म्हटलं नाही. जिना चढून वर गेली.

मंगळवारी तिची आई आणि मी शाळेत गेलो. टीचरना मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, त्यांनी दिलेल्या उत्तरासकट. त्या तरुण बाई आहेत. एकदम खाली बसल्या. "मैंने कहा, तुम भी करो?" मी म्हटलं, "मैंने भी यही कहा था. और मैंने तो समझकर कहा था." मग आम्हा दोघींनाही बोलणं सोपं गेलं. त्यांनी व्हॅनमधल्या जागा ठरवून दिल्या, नावानिशी, आणि कागद ड्रायव्हरच्या सीटच्या वर चिकटवला. गाणं बंद करायला लावलं. वर्गात त्यांनी भाषण केलं नाही, हे मला आवडलं. पण त्या दिवसापासून कुणी त्यांच्याकडे काही सांगायला आलं की पेन खाली ठेवतात, असं मुलगी म्हणाली.

सगळं एका दिवसात थांबलं असं समजू नका. दोघींना समोर उभं करून सॉरी म्हणवून घेतलं, तेव्हा दीदी फरशीला सॉरी म्हणाली आणि आपली मुलगी फरशीला "ठीक है" म्हणाली. त्या दोन मैत्रिणी पुढेही चार-पाच दिवस "एक्सप्रेस" करत राहिल्या. दीदी त्यांच्यात नसायची, पण त्यांना थांबवायचीही नाही. तिने केलं ते इतकंच, की बुधवारी सीटवरचा पाय काढला. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आज मी सीटवर बसले. कुणी काही बोललं नाही. दीदी बाहेर बघत होती."

पुढच्या दिवसांत त्या दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दीदी दिवाळीला टहरौलीला जाते. चार दिवस राहते. परत येताना बसमध्ये रडते, पण खिडकीकडे तोंड करून, म्हणजे मामांना कळत नाही. हे सगळं आपल्या मुलीला कसं कळलं? "मी विचारलं," ती म्हणाली. "शेजारीच तर बसते मी."

दिवाळीच्या दोन दिवस आधी तिची आई अर्जासाठी खाली आली. बरोबर वडीलही होते, हातात रेल्वेचा पास. रेल्वेच्या माणसांना घरच्यांना घेऊन जायला पास मिळतो, त्यावर प्रवास करणाऱ्यांची नावं असतात. मुलगी आईच्या मागे उभी होती.

"काकू, भरलात?"

"एक रकाना सोडून सगळा. कारण तेवढं राहिलं." मी मुलीकडे बघितलं. "तू सांग, काय लिहू?"

"काय?" ती सवयीने म्हणाली. मग वडिलांना विचारलं, "बाबा, येतानाच्या पासावर माझं नाव आहे?"

वडिलांनी पास उघडला, जणू त्यांना ठाऊक नव्हतं. "जातानाच्या आहे."

"येतानाच्या?"

"नाही."

"घाला ना."

"अगं, पण तूच म्हणालीस ना..."

"म्हणाले होते. पण ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडते. मला तसं नाही करायचं. पोट दुखलं तर मी आजीला सांगेन. नीट सांगेन, चेष्टा म्हणणार नाही. कोण काय करतं ते सांगेन."

तिच्या आईने ओढणीच्या टोकाने आधी मुलीचं नाक पुसलं, मग स्वतःचं. वडील म्हणाले, "ऑफिसात जाऊन बदलून आणावा लागेल." आणि लगेच चप्पल घालून गेले.

दिवाळीनंतर पहिल्या सोमवारी मी खिडकीत उभी होते. व्हॅन आली. मुलगी चढली आणि पायरीवरूनच वळून मोठ्यांदा म्हणाली, "आई, डबा!" डबा तिच्या आईच्याच हातात राहिला होता. आतून एका मुलीचा आवाज आला, सवयीचा, "कौन आई?"

मग दाराजवळून दीदीचा आवाज आला, कंटाळल्यासारखा, "उसकी."

एवढंच. कुणी पुढे काही म्हटलं नाही. डबा आत गेला, दार सरकलं, व्हॅन गेली.

मागच्या वर्षी त्यांना क्वार्टर मिळालं आणि ती सगळी तिकडे राहायला गेली. तो अर्ज अजून माझ्या फडताळात आहे, पाचवा रकाना कोरा. थोरले, तुझ्या पोस्टरसाठी मी अजूनही शब्द शोधते आहे. वेळ फार झाला असेल तर सध्या छळ लिही. पण मला आता वाटतं, तो एक शब्द हातात असता तर मी तो त्या रकान्यात लिहिला असता आणि मोकळी झाले असते.

आणि धाकट्या, त्या दिवशी हा विषय निघाल्याबरोबर तू मला छत दाखवलंस, ते मी नीट पाहिलं. मी काही विचारत नाही. तुझी संध्याकाळ ती माझी सकाळ असते, साडेसहाला चहा घेऊन मी मोकळी असते. एका जुन्या पाकिटाच्या मागे मी चौकोन काढून ठेवला आहे. तुमच्या स्कूलबसमध्ये सीटच्या किती रांगा असतात ते मला माहीत नाही, म्हणून आत रेषा मारलेल्या नाहीत. पेन्सिल पाकिटावरच ठेवली आहे.